झिजलेला गुडघा आणि भरपाईची गोळी

गुडघा दुखायला लागला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘वंगण संपलंय’ आणि ‘गॅप कमी झालाय’. पहिलं घरचे आणि शेजारचे म्हणतात, दुसरं एक्स-रे पाहून डॉक्टर. दोन्हींतून एकच निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो: जे कमी झालंय ते बाहेरून भरून काढावं. ग्लुकोसामिन, कॉन्ड्रॉइटिन, कोलॅजेन यांच्या गोळ्या आणि पाण्यात ढवळून प्यायच्या पुड्या याच निष्कर्षाच्या जोरावर खपतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण इथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून केलेल्या पाहणीत ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं असल्याचं आढळलं. इतक्या लोकांच्या दुखण्याशी आणि खिशाशी संबंधित असलेला हा निष्कर्ष तपासून पाहायलाच हवा. माझ्या मते तो मुळातच चुकीचा आहे. कूर्चेची झीज भरून काढण्याच्या नावावर जी पूरकं विकली जातात, त्यांचा उपयोग तटस्थ चाचण्यांत टिकत नाही. आणि ज्या एक-दोन पदार्थांचा थोडाफार गुण दिसतो, ते झीज भरत नाहीत. ते औषधासारखी वेदना किंचित कमी करतात, आणि म्हणून त्यांना औषधाचेच नियम लावले पाहिजेत.

आधी सांध्याच्या आत काय असतं ते पाहू. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. चालताना तो दाबला जातो आणि सैल होतो, तेव्हा सांध्यातलं द्रव आत-बाहेर करतं आणि त्यातूनच कूर्चेतल्या मोजक्या पेशींना पोषण मिळतं. या थराचा सांगाडा कोलॅजेनच्या तंतूंचा असतो. याच कोलॅजेनची तिपेडी रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये उलगडली होती. तंतूंच्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू अडकलेले असतात, आणि त्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये ग्लुकोसामिनच्या कुळातल्या शर्करा व कॉन्ड्रॉइटिन असतं. पूरकांचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो: घटक तोच आहे, मग तो खाल्ला की तिथे पोचेल. पण पोटात गेलेलं कोलॅजेन हे पचनसंस्थेच्या लेखी एक प्रथिन असतं. त्याचं अमिनो आम्लांत आणि छोट्या तुकड्यांत विघटन होतं आणि मग ते तुकडे शरीराला जिथे लागतील तिथे जातात. पाया सूप असो की महागडी पावडर, त्यातलं कोलॅजेन जसंच्या तसं गुडघ्यात जाऊन बसत नाही. ग्लुकोसामिनची तर शरीराला टंचाईच नसते, कारण पेशी ते ग्लुकोजपासून स्वतःच तयार करतात.

कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं आणि पुढे हळूहळू उतरलं. त्या काळात शरीरात जी ऊती तयार झाली, तिच्यात तो वाढीव कार्बन कायमचा नोंदला गेला. वेगवेगळ्या वयांच्या माणसांच्या गुडघ्यातली कूर्चा या मोजपट्टीने तपासली, तेव्हा दिसलं की तिच्यातलं कोलॅजेन वाढीच्या वयात एकदा तयार होतं आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. निरोगी गुडघ्यातही नाही आणि झिजलेल्या गुडघ्यातही नाही. कोलॅजेन खाऊन कूर्चा ‘पुन्हा भरते’ या दाव्यापुढचा हा फार मोठा अडसर आहे. कॉन्ड्रॉइटिनसारखे पाणी धरणारे रेणू मात्र काही प्रमाणात नव्याने तयार होतात, हेही मान्य करायला हवं. म्हणून ग्लुकोसामिनचा दावा केवळ शरीरशास्त्राच्या आधारे निकालात काढता येत नाही. त्यासाठी माणसांवरच्या चाचण्यांकडेच जावं लागतं.

अशी सर्वांत महत्त्वाची चाचणी अमेरिकेत सरकारी पैशातून झाली. तिला ‘गेट’ म्हणतात आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. गुडघ्याच्या झिजेचा संधिवात असलेले १,५८३ रुग्ण पाच गटांत विभागले गेले. एका गटाला रोज १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामिन, दुसऱ्याला १,२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि पाचव्याला गुणहीन, म्हणजे औषध नसलेली गोळी. कोण काय घेतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं, तपासणाऱ्यालाही नव्हतं. २४ आठवड्यांनी वेदना किमान २० टक्के कमी झालेल्या रुग्णांचं प्रमाण मोजलं. ग्लुकोसामिनच्या गटात ते ६४ टक्के होतं, कॉन्ड्रॉइटिनच्या गटात ६५.४, दोन्ही घेणाऱ्यांत ६६.६. हे आकडे एकटे छापले तर कोणत्याही गोळीची उत्तम जाहिरात होईल. पण गुणहीन गोळीच्या गटातही ६०.१ टक्के लोकांना तितकाच आराम पडला होता. पूरकांच्या आणि त्या गोळीच्या आकड्यांत जो फरक उरला, तो योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. फक्त सेलेकॉक्सिबने, ७०.१ टक्क्यांसह, योगायोगाची ही रेषा ओलांडली.

या आकड्यांकडे मला वाचकाने थांबून पाहायला हवं आहे, कारण ‘मला या गोळीने फरक पडला’ या सर्वांत प्रामाणिक आक्षेपाचं उत्तर त्यातच आहे. फरक पडला हे खरंच आहे. तो भास नव्हे आणि सांगणारा खोटंही बोलत नाही. पण झिजेच्या संधिवाताचं दुखणं चढ-उतारांचं असतं. माणूस गोळी आणायला जातो तो दुखणं सर्वांत वाढलेलं असतानाच, आणि तिथून ते बहुधा उतरणारच असतं. त्याच सुमारास तो थोडा जपून चालायला लागतो, उकिडवं बसणं टाळतो, डॉक्टरांना भेटून आल्यामुळे काळजी कमी होते, आणि औषध घेतोय या विश्वासानेही वेदना खरोखर कमी जाणवते. या सगळ्याचं श्रेय शेवटी हाताशी असलेल्या पुडीला जातं. शंभरातल्या साठ जणांना गुणहीन गोळीवर बरं वाटत असेल, तर शेजारच्या चार जणांच्या अनुभवावरून त्या गोळीचा गुण कळणं शक्य नाही. तुलनेसाठी दुसरा गट लागतो.

‘गेट’वर दोन गंभीर आक्षेप घेतले गेले. पहिला असा, की मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या रुग्णांत दोन्ही पूरकं मिळून चांगला परिणाम दिसला: ७९.२ टक्के विरुद्ध ५४.३. हा आकडा विक्रेते आजही वापरतात. पण तो एका लहान उपगटाचा आहे, आणि मोठा गट निरनिराळ्या पद्धतींनी कापला की एखाद्या तुकड्यात असा फरक योगायोगाने निघू शकतो. असा निष्कर्ष नव्या चाचणीत पुन्हा दिसावा लागतो. पुढे स्पेनमध्ये मध्यम ते तीव्र वेदनेच्याच १६४ रुग्णांवर दोन्हींच्या मिश्रणाची चाचणी सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा गुणहीन गोळीचा गट पूरक घेणाऱ्यांपेक्षा बरा ठरला होता आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. दुसरा आक्षेप असा, की ‘गेट’मध्ये ग्लुकोसामिनचं हायड्रोक्लोराइड वापरलं, खरा गुण सल्फेटमध्ये आहे. याला आधार म्हणून २००१ च्या ‘लॅन्सेट’मधला बेल्जियममधल्या २१२ रुग्णांचा तीन वर्षांचा अभ्यास दाखवला जातो. त्यात सल्फेट घेणाऱ्यांच्या गुडघ्यातली जागा कमी व्हायची थांबली होती. मात्र तो अभ्यास हे सल्फेट बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने झाला होता. नेदरलँड्समध्ये खुब्याच्या संधिवाताच्या २२२ रुग्णांवर दोन वर्षं सल्फेटचीच चाचणी झाली; काहींना सल्फेट, काहींना गुणहीन गोळी. २००८ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा वेदनेत फरक नव्हता आणि सांध्यातल्या जागेतही नव्हता.

पैसा कुणाचा, हा प्रश्न इथे आडवळणाचा नाही. २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १० चाचण्यांचा आणि ३,८०३ रुग्णांचा एकत्रित आढावा आला. कंपन्यांशी संबंध नसलेल्या चाचण्यांत परिणाम आणखी लहान निघाला, आणि सगळं एकत्र धरूनही रुग्णाला जाणवेल इतका फायदा दिसला नाही. कंपनीच्या पैशाने झालेला प्रत्येक अभ्यास खोटा असतो असं मी म्हणत नाही; पण ज्या गुणाचं मोजमाप पैसे देणारा बदलला की बदलतं, त्यावर दरमहा खर्च करण्याइतका भरवसा ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघा, खुबा आणि हात या तिन्ही ठिकाणी ग्लुकोसामिन न वापरण्याची ठाम शिफारस केली. ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ते देऊ नये असंच म्हटलं आहे. युरोपातला तज्ज्ञांचा एक गट मात्र औषधी दर्जाच्या सल्फेटच्या बाजूने आजही उभा आहे. मतभेद आहे, हे लपवण्याचं कारण नाही. माझ्या मते पुराव्याचं पारडं पहिल्या बाजूला स्पष्ट झुकलेलं आहे.

आता आपल्या मातीतल्या दोन गोष्टी, हळद आणि सालई. सालईचं झाड सातपुड्यात आणि मेळघाटात वाढतं. त्याचा राळेसारखा चीक म्हणजे आयुर्वेदातली शल्लकी. (हिवाळ्यातल्या लाडवांचा डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. तो वेगळा, त्याच्यात सालईची बोस्वेलिक आम्लं नसतात, म्हणून एकाचा गुण दुसऱ्याला लावू नये.) नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात सालईच्या अर्काची चाचणी झाली आणि २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३० रुग्ण होते. निम्म्यांना आठ आठवडे अर्क, निम्म्यांना गुणहीन गोळी, आणि मध्ये खंड देऊन मग उलट. अर्क घेत असताना वेदना कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. आणि त्याच संशोधकांनी हेही नोंदवलं, की एक्स-रेमध्ये काही बदल झाला नाही. माझा मुद्दा या एका नोंदीत आहे: आराम पडला, झीज भरली नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यातही सालईच्या समृद्ध अर्काने शंभरपैकी सुमारे १७ गुणांनी वेदना कमी झाल्याचं दिसतं, पण त्यामागे फक्त ८५ रुग्ण आहेत. आशा ठेवावी इतका हा पुरावा आहे, खात्री द्यावी इतका नाही.

हळदीची गोष्टही तशीच. टास्मानियात ७० रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीच्या अर्काने वेदना गुणहीन गोळीपेक्षा शंभरपैकी ९ गुणांनी जास्त उतरली. एमआरआयमध्ये दिसणारी सूज मात्र तशीच राहिली. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांत रोज १,५०० मिलिग्रॅम अर्क चार आठवड्यांत आयबुप्रोफेनच्या बरोबरीचा ठरला. पण अर्क म्हणजे घरातली हळद नव्हे. हळद पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, म्हणजे चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅमही नाही, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. म्हणून कंपन्या त्यात मिरीतलं पायपरिन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की पायपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण वीसपट होतं. ज्या युक्तीने गुण वाढतो तिनेच धोकाही वाढतो. इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया इथे हळदीच्या तीव्र पूरकांनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. भाजीतल्या हळदीने हे होत नाही. स्वयंपाकघरात ती पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित आहे म्हणून कॅप्सूलमधली दसपट मात्राही सुरक्षितच, हा तर्क टिकत नाही.

यावर कुणी म्हणेल, की आयुर्वेदाला पाश्चात्त्य चाचणीच्या तराजूत घालणंच गैर आहे. हळदीचं पेटंट आपण जिंकलंच ना? डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ती लढाई लढली आणि १९९७ मध्ये अमेरिकेतलं पेटंट रद्द झालं, हा रास्त अभिमानाचा विषय आहे. पण तिथे सिद्ध झालं ते एवढंच, की जखमेवर हळद लावण्याचं ज्ञान नवं नाही. ज्ञान जुनं असणं आणि ते गुडघ्यावर लागू पडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर चाचणीच देऊ शकते. हे आपल्याकडेच उत्तम रीतीने करून दाखवलं गेलं आहे. सीएसआयआरच्याच उपक्रमातून डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर सुंठ आणि गुळवेल असलेल्या आयुर्वेदिक मिश्रणांची २४ आठवड्यांची चाचणी केली. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत ती मिश्रणं ग्लुकोसामिन आणि सेलेकॉक्सिब यांच्या बरोबरीची ठरली. त्यात गुणहीन गोळीचा गट नव्हता, ही तिची मर्यादा. पण काही रुग्णांच्या रक्तात यकृताचं एसजीपीटी वाढलेलं आढळलं आणि संशोधकांनी ते उघडपणे मांडून पुढच्या तपासाची गरज सांगितली. परंपरेचा याहून मोठा आदर मला दिसत नाही.

‘उपयोग नसेल, पण नुकसान तरी काय?’ हा शेवटचा आक्षेप. नुकसान आहे. यातली बरीच पूरकं आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांखाली अन्न म्हणून विकली जातात आणि त्यांच्या वेष्टनावर ती औषधी वापरासाठी नाहीत असं छापावं लागतं. डबी उलटून ते बारीक अक्षर वाचावं; समोर गुडघ्याचं चित्र आणि मागे हे वाक्य. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांत ग्लुकोसामिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढल्याच्या नोंदी आहेत. ग्लुकोसामिन बहुतेकदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, कॉन्ड्रॉइटिन गुरांच्या श्वासनलिकेपासून, डुकरापासून किंवा शार्कपासून, कोलॅजेन जनावरांच्या कातड्या-हाडांतून किंवा माशांतून. कवचाच्या माशांची ॲलर्जी असलेल्यांना आणि शाकाहार पाळणाऱ्यांना हे आधी कळायला हवं. पण सर्वांत मोठं नुकसान वेळेचं. संधिवात या एका नावाखाली आपण दोन वेगळे आजार घालतो. हाताच्या लहान सांध्यांना सूज, सकाळी तासभर न सुटणारा ताठरपणा, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं, हा आमवात असू शकतो. भिगवणच्या पाहणीत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांत होता. त्यावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. तिथे पुडीवर घालवलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं थोडक्यात. कॅल्शियम हाडांचं पोषण आहे, कूर्चेचं नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे फार आहे आणि ती भरून काढलीच पाहिजे, पण हाडं आणि स्नायूंसाठी. २०१३ आणि २०१६ मधल्या दोन चांगल्या चाचण्यांत त्याने गुडघ्याची झीज थांबली नाही.

मग पैसे आणि जिद्द कुठे लावायची? शरीराचं वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. अमेरिकेतल्या ४५४ स्थूल रुग्णांच्या दीड वर्षाच्या चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं वजन ११ टक्क्यांच्या आसपास घटलं आणि त्यांची वेदना एकच गोष्ट करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. व्यायामाने गुडघा आणखी झिजेल ही भीती सार्वत्रिक आहे, पण कूर्चेला पोषण दाबल्या-सुटण्यातूनच मिळतं, आणि मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की सांध्यावर येणारा धक्का ते झेलतात. व्यायामाचाही फायदा अफाट नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात तो शंभरपैकी १२ गुणांचा होता, आणि नंतरच्या काटेकोर आढाव्यांत आणखी लहान दिसला. तरी त्याच्या सोबत रक्तदाब, साखर, झोप आणि तोल सुधारतो, आणि खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्याच्या व्यायामाला पैसे पडत नाहीत.

तरीही कुणाला पूरक घेऊन पाहायचं असेल, तर औषधाच्या शिस्तीने घ्यावं. सुरू करण्याआधी डबी डॉक्टरांना दाखवावी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवावी, मधुमेह, यकृताचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते न विसरता सांगावं. किती पायऱ्या चढता येतात, किती वेळ चालता येतं, दहापैकी किती दुखतं, हे आधी लिहून ठेवावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिहावं. फरक नसेल तर पुढची डबी आणू नये. फरक असेल तर महिनाभर बंद करून पाहावं, आणि दुखणं तेवढंच राहिलं तर तेव्हाही आणू नये. ते पैसे एखाद्या चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे मांडीचे व्यायाम शिकण्यासाठी द्यावेत.